स्टिलहाउसचा ट्रॅक, पाचशे डॉलर रोख

माझ्या बैठकीच्या खोलीत टीव्हीच्या वर जो कप ठेवला आहे, त्याच्या बुडाला अजून दुकानाची चिठ्ठी आहे: नऊ डॉलर. १९५८ साली फाइव्ह काउंटी या मोटारशर्यतींच्या मालिकेचा पहिला विजेता म्हणून तो मला मिळाला. मालिका मीच सुरू केली होती आणि कपही मीच विकत आणला होता, तेव्हा मिळाला म्हणण्यात फारसा अर्थ नाही. त्याची खरी किंमत अशी: सासऱ्यांनी दिलेली गाडी, एका हंगामाचं तंबाखूचं सगळं पीक, डाव्या हाताची करंगळी आणि सासूबाईंचं माझ्याशी बोलणं. करंगळी सोडली तर बाकीचं मी पुढे भरून काढलं. सासूबाई १९७१ साली बोलल्या. "मीठ दे इकडे," म्हणाल्या.

तर मी, वेंडेल ऑडी सेमोन्स, वय शहाऐंशी, धंदा भंगार, राहणार स्टिलहाउस रोड, टॉलिव्हर काउंटी, व्हर्जिनिया, आज हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझं डोकं ठिकाणावर आहे. फुप्फुसं नाहीत, पण कायदा फुप्फुसांबद्दल काही विचारत नाही. कुणी मला धमकावलेलं नाही की फूस लावलेली नाही. खरं सांगायचं तर ट्रॅकसाठी कुणीतरी फूस लावायला यावं म्हणून मी दोन वर्षं वाट बघतो आहे. याआधीची माझी दोन मृत्युपत्रं रद्द समजावीत. त्यांत ज्यांच्या नावे ट्रॅक केला होता, त्या दोघांनीही नको म्हणून कळवलं आहे.

या कागदाचा खरा विषय तोच. माझ्यामागे शनिवारी स्टिलहाउसला शर्यत होणार की नाही? बाकीचं आधी उरकून घेतो.

कलम १. राहतं घर आणि आतलं सामान माझी मुलगी लोरीन हिला. ती शार्लटला असते, ती घर विकेल, आणि विकावंच. स्वयंपाकघरातला मोठा बिडाचा तवाही तिलाच. तिच्या आईने, म्हणजे माझ्या ओडेसाने, त्यावर एकोणचाळीस हंगाम प्रेक्षकांसाठी बोलोन्या सॉसेजच्या चकत्या तळून पावात घालून विकल्या. लोरीनला त्या वासाने अजून मळमळतं. तरी घे, बाळ. घासून टाक आणि दुसरं काहीतरी कर.

पहिल्या मृत्युपत्रात ट्रॅक तिच्या नावे होता. वाचून तिने फोन केला.

"डॅडी, मला ट्रॅक नको."

"फुकट आहे."

"मला शनिवार हवाय. अठरा वर्षांची होईपर्यंत मी एकही शनिवार पाहिला नाही. शाळेचा नाच नाही, मैत्रिणीकडे राहायला जाणं नाही. माझं लग्नसुद्धा तुम्ही मंगळवारी लावलंत!"

"मंगळवारी चर्च स्वस्त होतं."

"डॅडी!"

मी दुसरं मृत्युपत्र लिहायला घेतलं.

कलम २. भंगारवाडा, वजनकाटा आणि ओढगाडी आर्लिस मॅबरी याला. शर्यतीत उलटलेली प्रत्येक गाडी गेली चाळीस वर्षं त्यानेच ओढून बाहेर आणली. दुसऱ्या मृत्युपत्रात ट्रॅक त्याच्या नावे होता. तो टोपी काढून म्हणाला, "बॉस, मी एकाहत्तरचा आहे. मला ओढता येतं. चालवता येत नाही." ओढगाडीचा डावा आरसा खोटं दाखवतो, हे त्याला माहीत आहे, पण पुढच्या मालकाला त्याने सांगावं.

कलम ३. बँकेत जे काही असेल ते काउंटीच्या रुग्णवाहिकेच्या स्वयंसेवकांना. दर शनिवारी तिसऱ्या वळणावर उभे राहायचे आणि मोबदल्यात एक सँडविच घ्यायचे. ओडेसा गेल्यावर सँडविचही नाही.

कलम ४. मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली एक इंजिन आहे. त्याची व्यवस्था लावण्याआधी नियम सांगावा लागेल, कारण आमची मालिका त्या एका नियमावर उभी होती.

आमच्या गाड्या म्हणजे रस्त्यावरच्याच. काचा काढायच्या, आत लोखंडी पिंजरा बसवायचा, दारं वेल्डिंगने बंद करून टाकायची. अर्ध्या मैलाहून लहान गोल ट्रॅकवर पंचवीस-तीस गाड्या एकमेकींना घासत पळायच्या. यात पैसेवाला सहज जिंकतो. म्हणून मी हक्काचा नियम घातला: जिंकलेल्या गाडीचं इंजिन, शर्यत पुरी केलेल्या कुणालाही पाचशे डॉलरला मागता येईल. शर्यत संपल्याचा झेंडा पडल्यापासून दहा मिनिटांत सुरुवातीच्या रेषेवर यायचं, रोख हातात घेऊन. विजेत्याने नाही म्हटलं तर त्याचं जिंकणं रद्द. त्यामुळे पाचशेपेक्षा जास्त पैसे इंजिनात घालायला कुणी धजत नसे. जो घालायचा, तो ते दुसऱ्यासाठी घालायचा.

१९६६ साली ह्युबर्ट क्वेसनबेरी जिंकला आणि मी रेषेवर जाऊन त्याचं इंजिन मागितलं. शेवटच्या वळणावरून येणारा त्याचा आवाज मी ऐकला होता. माझे कान तेव्हा असे होते की पंचांच्या मनोऱ्यावर बसून कुठल्या गाडीत काय चोरून बसवलंय ते सांगायचो. ह्युबर्ट गोड हसला. "घे की, वेंडेल." सोमवारी त्याने ते माझ्या दारात आणून ठेवलं, सहा बादल्यांत.

"हे काय?"

"इंजिन. हवं होतं ना?"

"लेका, हे तुकडे आहेत!"

"तुझ्याच नियमात आख्खं असा शब्द कुठाय? वाचून दाखव."

नव्हता. पुढच्या शनिवारी घातला. मी ते इंजिन जोडलं, त्याच्या जोरावर जिंकलो, आणि दहा मिनिटं संपायच्या आत ह्युबर्ट पाचशे डॉलर घेऊन रेषेवर हजर. मग त्याने जिंकायचं आणि मी मागायचं, असं आठ वर्षं चाललं. शेवटी त्यातला कुठला भाग मूळचा कुणाचा हे आम्हा दोघांनाही सांगता येत नव्हतं. भांडण मात्र ज्याचं त्याचं शाबूत होतं.

गेल्या हिवाळ्यात त्याला वृद्धांच्या निवासात भेटायला गेलो. "ह्युबर्ट, ट्रॅक घेतोस?"

डोळे मिटलेलेच. "किती बादल्यांत?"

"आख्खा."

"मला संडासापर्यंत न्यायला दोन पोरी लागतात. ट्रॅक कुठे ठेवू, उशाखाली?"

"तुझ्या पोराला विचार."

"विचारलं. तो म्हणतो, पप्पा, कोण बघतं आता हे?" मग त्याने पांघरूण वर ओढलं. "खिडकी लावून घे जाताना. वारा येतो."

मार्चमध्ये तो गेला. शेवटचा हक्क मी सांगितला होता, म्हणून इंजिन माझ्याकडे राहिलं. याला जिंकणं म्हणत नाहीत. ते इंजिन आता त्याच्या मुलाला द्यावं, फुकट आणि आख्खं. तो ते भंगारात काढेल, आणि जवळपास दुसरा भंगारवाडा नसल्यामुळे माझ्याच दारात आणेल. आर्लिसने त्याला भाव चांगला द्यावा.

कलम ५. ट्रॅक.

बाहेरचे लोक विचारतात, तुमच्या शर्यती चोरटी दारू गाड्यांतून पळवणाऱ्यांनी सुरू केल्या ना? आमच्यात दारू पळवणारा एकच होता आणि तो नेहमी शेवटून दुसरा यायचा. पोलिसांनी त्याला पकडला तेव्हा तो पायी चालला होता. आमच्या शर्यती सुरू केल्या दूध घालणाऱ्यांनी, कापड गिरणीतल्या कामगारांनी आणि एका भंगारवाल्याने. पाच काउंट्या, पाच ट्रॅक, दर शनिवारी पाळीपाळीने. ड्राय फोर्कचा ट्रॅक पंच्याऐंशीच्या पुरात गेला. दुसऱ्याच्या जागी मोठं दुकान आलं. तिसरा चर्चने घेतला. तिथे अजून गाड्या येतात, फक्त उभ्या राहतात. चौथ्याच्या कडेने शहरातून आलेल्यांनी घरं बांधली आणि मग आवाजाची तक्रार केली. न्यायाधीश म्हणाले, ट्रॅक आधीचा हे खरं, पण घरं जास्त आहेत. उरला माझा. आता शनिवार म्हटला की स्टिलहाउसच.

पण मालिका मेली ती पुराने की न्यायाधीशाने, असं मला वाटत नाही. १९९४ साली चालकांनी मागणी केली की हक्काचा नियम काढा, आम्हाला खरीखुरी इंजिनं लावू द्या, आपणही टीव्हीवरच्यांसारखे दिसू. मी बोललो, बोलून घसा बसला. मग हात वर करायला सांगितलं. गाड्या उभ्या करायच्या आवारात एकतीस चालक होते. ह्युबर्टचा हात तेवढा खाली राहिला. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "एवढ्याने तुला माफ केलं असं समजू नकोस." तीन वर्षांत त्या हातवाल्यांपैकी निम्मे इंजिनाच्या खर्चाने बसले, आणि उरलेले बसलेल्यांना हरवण्यात काही मजा राहिली नाही म्हणून.

या वर्षी हंगामाच्या शेवटच्या शनिवारी सात गाड्या पळाल्या. झेंडा पडल्यावर आर्लिसने मला ओढगाडीतून रेषेवर नेलं. मी माइक घेतला.

"लोकहो, आज इंजिन नाही. आज ट्रॅकच हक्कासाठी ठेवतोय. जमीन, बाकं, मनोरा, दिवे. पाचशे डॉलर रोख, दहा मिनिटं. अट एकच: एप्रिलमध्ये फाटक उघडायचं."

बाकांवरून कुणीतरी ओरडलं, "वेंडेल, कर्जासकट का?"

"कर्ज एक पैशाचं नाही! विम्याचा हप्ता तेवढा आहे!"

"मग तूच मला पाचशे दे!"

सगळे हसले. मीही हसलो. चांगला टोमणा होता. मग लोक घडीच्या खुर्च्या उचलून गाड्यांकडे निघाले. एक जण मात्र उलट, माझ्याकडे यायला लागला. चाळिशीचा, मजबूत, खिशातून पाकीट काढत. आर्लिसने माझा दंड धरला. मी सांगतो, इंजिन जिंकण्यापेक्षा ते मागायला येणारा माणूस बघण्यात जास्त सुख असतं, आणि ते सुख मला तेवढ्या अंतरापुरतं मिळालं.

"सर," तो म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नका, पण वरच्या रांगेतल्या त्या फळ्या, जुनं ओक आहे ना? बायकोला व्हरांड्यात टेबल करायचंय."

"किती रांगा हव्यात?"

"एक फळी पुरे."

तशीच दिली. पाकीट आत ठेवायला सांगितलं.

"दहा झाली, बॉस," आर्लिस म्हणाला.

"तुझं घड्याळ पुढे आहे."

"नाही, बॉस."

तरीही मी इथे लिहून ठेवतो: माझ्या मृत्यूनंतर तीस दिवस ट्रॅक त्याच किमतीला, त्याच अटीवर हक्कासाठी खुला राहील. आधी मी लिहिलं होतं, फक्त शर्यत पळालेल्यांसाठी. मग मोजायला बसलो आणि तो शब्द खोडला. आता ज्याने माझ्या बाकांवर एक शनिवार जरी घालवला असेल, त्याला किंवा तिला मागता येईल. आर्लिसने ते तीस दिवस रोज संध्याकाळी मनोऱ्यावरचा दिवा लावावा. बिल माझ्या खात्यातून.

वकीलबाई मिस पेनिंग्टन म्हणाल्या की कायद्यात हे बसेल, जरा वाकडं. पण मग साक्षीदारांची अडचण आहे. ज्यांना या कागदाखाली काही मागता येईल असे लोक साक्षीदार नकोत, म्हणजे ज्यांनी तुमची शर्यत कधीच पाहिली नाही असे दोघे शोधावे लागतील.

मी हसलो. म्हटलं, "बाई, मग तुम्ही टाकी भरून नॉर्थ कॅरोलायनाला जा. या पाच काउंट्यांत असं मोठं माणूस नाही ज्याने माझ्या बाकांवर एक तरी शनिवार काढला नाही. न्यायाधीश येऊन गेलेत आणि त्यांनी तुरुंगात धाडलेलेही. तुम्हाला सापडला असा कुणी, तर मला दाखवा, मी त्याला संग्रहालयात ठेवतो."

"बघते," त्या म्हणाल्या.

कलम ६. तीस दिवसांत कुणी आलं नाही, तर जागा गोदाम बांधणाऱ्या कंपनीला विकावी आणि पैसे लोरीनने घ्यावेत. तिने मनाला लावून घेऊ नये. तिचे अठरा वर्षांचे शनिवार होतात, त्या मानाने भाव कमीच आला. वरच्या रांगेतल्या उरलेल्या फळ्या कुणी मागितल्या तर द्याव्यात, पैसे घेऊ नयेत.

कलम ७. मला ओडेसाशेजारी पुरावं. माझी राख ट्रॅकवर टाकण्याची कल्पना आर्लिसची आहे; ती मला मान्य नाही, कारण डांबर काही धरून ठेवत नाही. दफन शनिवारी करावं. त्या दिवशी आता कुणाला दुसरं काही काम नसतं. प्रार्थना आटोपशीर असावी. इंजिन कुणी सुरू करू नये.

वरचं सगळं मी वाचून पाहिलं आहे. माझ्या म्हणण्यापेक्षा त्यात एकही शब्द जास्त नाही.

(सही) वेंडेल ऑडी सेमोन्स
ठिकाण: मिस पेनिंग्टन यांचं कार्यालय, मेन स्ट्रीट, टॉलिव्हर काउंटी, व्हर्जिनिया
दिनांक: १६ ऑक्टोबर २०१८

साक्षीदारांचं निवेदन: श्री. सेमोन्स यांनी वरील सही आमच्यासमोर केली आणि आम्ही ती त्यांच्यासमोर व एकमेकांसमोर साक्षांकित केली. कलम ५ प्रमाणे आम्हाला कोणताही हक्क पोचत नाही, कारण आम्ही दोघांनीही स्टिलहाउसची शर्यत कधी पाहिलेली नाही.

१. (सही) केल्सी रॅटलिफ, वय २९. दंतवैद्यांच्या दवाखान्यात नोकरी, याच इमारतीचा तळमजला. राहणार मेन स्ट्रीट.

२. (सही) कर्टिस विमर, वय ४४. करसल्लागार, याच मजल्यावर, शेजारचं दार. राहणार स्टिलहाउस रोड, जन्मापासून.