'मी ऐकतो' लिहिलेला बिल्ला

३ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. कंपनीने मला मानसिक प्रथमोपचाराच्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं आहे. खचलेला माणूस ओळखायचा, त्याचं ऐकायचं, योग्य मदतीपर्यंत पोचवायचं. साहेब म्हणाले, तुम्ही क्वालिटीत आहात, तुम्हाला दोष चटकन दिसतात. कौतुक की टोमणा, यावर अर्धा तास विचार केला. कौतुकच असावं.

सराव असा: जोडीदाराने तीन मिनिटं बोलायचं, आपण गप्प राहायचं. माझा जोडीदार आमचा स्टोअरकीपर. घर बदलताना झालेले हाल सांगत होता. दीड मिनिटात तीन विसंगती सापडल्या. दाखवून दिल्या. प्रशिक्षक बाईंनी विचारलं, राग आलाय का? अजिबात नाही, म्हटलं. मग जबडा एवढा आवळलाय का, म्हणे. डावी दाढ दुखते म्हणून! मला राग येत नाही. चुकीच्या गोष्टींचा त्रास होतो. ते वेगळं.

४ मार्च
प्रशिक्षण पूर्ण. हिरवा बिल्ला मिळाला: मी ऐकतो.

आजचा महत्त्वाचा धडा: माणूस फारच खचलेला वाटला तर जीव द्यायचा विचार येतो का, हे थेट, साध्या शब्दांत विचारायचं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. पटलं. प्रशिक्षणाच्या पुस्तिकेतल्या अकरा चुकांची यादी लाल पेनने करून बाईंना दिली. आभार नाहीत. असो.

संध्या. ७.३० – धाकट्या भावाचा फोन. 'श्रवण' हे प्रकरण वाचत होतो, म्हणून घेतला नाही.

७ मार्च
तीन दिवस बिल्ला लावून फिरतोय. एक माणूस फिरकलेला नाही. दीडशे माणसांच्या कंपनीत एकालाही दुःख नसावं? कॅन्टीनमध्ये मुद्दाम समोरची खुर्ची रिकामी ठेवून बसलो. दोघं आले आणि खुर्ची उचलून दुसऱ्या टेबलाला घेऊन गेले.

माझ्या चेहऱ्यात काही खोट आहे का, हे आरशात तपासलं. नाही. खोट लोकांत आहे. मदत घ्यायची अक्कल नाही, आणि मग म्हणायचं आम्हाला कोणी विचारत नाही.

७.३० – धाकट्याचा फोन. उजळणी चालू होती.

१० मार्च
अखेर केस. स्टोअरकीपर खिडकीतून एकटक बाहेर बघत उभा. घड्याळ लावलं: सहा मिनिटं. जवळ जाऊन शांतपणे विचारलं, जीव द्यावासा वाटतो का? तो म्हणाला, माझ्या गाडीसमोर कुणीतरी आडवी गाडी लावलीय, जीव घ्यावासा वाटतो. अख्खं गोडाऊन हसलं. आता मला बघितलं की सगळे मोठमोठे उसासे टाकतात. शिकलेली माणसं ही!

प्रामाणिकपणे लिहायचं तर जागा चुकली. एकांत हवा होता (पान ९). पद्धत बरोबर होती.

७.३० – धाकट्याचा फोन घेतला. बोल, मी ऐकतोय, म्हटलं. काही नाही रे दादा, सहज, म्हणाला. सहज असेल तर उद्या कर, म्हटलं. त्याने ठेवून दिला. उद्धट झालाय.

१३ मार्च
हिने सांगितलं, धाकटा तीन आठवडे कामावर गेलेला नाही. दार लावून पडून असतो. हिला कसं कळलं? तर म्हणे, तुम्ही फोन घेतला नाहीत की तो मला करतो.

मला का नाही सांगितलं, असं विचारलं. आवाज चढला असेल थोडा. ही म्हणाली, पाच तारखेला सांगायला आले होते, तुम्ही पुस्तिकेतून मान वर न करता बोट दाखवलंत, पान संपू दे म्हणून. रोजनिशी तपासली. पाच तारखेची नोंदच नाही. म्हणजे तिचं खरं आहे, हे सिद्ध होत नाही. खोटं आहे, हेही होत नाही.

सख्ख्या भावाने बिल्लेधारी माणूस सोडून वहिनीकडे बोलावं? तिने तर प्रशिक्षणही घेतलेलं नाही.

१५ मार्च, शनिवार
धाकट्याच्या खोलीवर गेलो. पुस्तिका, बिल्ला, पाण्याची बाटली घेऊन. पडदे ओढलेले. तो नकाशे काढतो, त्या टेबलावर कपड्यांचा ढीग. सिंकमध्ये भांडी. स्वतः पलंगावर, भिंतीकडे तोंड करून.

 सुरुवात शांत केली. पहिलं वाक्य: तीन आठवडे? अरे, शरम कशी वाटत नाही? हे पुस्तिकेत नाही, मान्य. पण पुढे नऊ उपाय सांगितले: पहाटे उठणे, व्यायाम, खोली आवरणे वगैरे. चाळीस मिनिटं. तो म्हणाला, दादा, तू ओरडतोयस. मी ओरडत नव्हतो. शेजारीण दार वाजवून सगळं ठीक आहे ना विचारून गेली, तो तिचा भोचकपणा.

निघताना त्याने बिल्ला वाचला आणि हसला. प्रगती म्हणून नोंद.

थेट प्रश्न विचारायचा राहिला. वेळ नव्हता, असं लिहिणार होतो. वेळ होता. तोंडातून निघाला नाही.

१७ मार्च
सकाळच्या मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं, या खेपेची बाटल्यांची झाकणं साधारण ठीक आहेत. साधारण! दाढ कडकन फुटली. डेंटिस्ट बाईंनी विचारलं, झोपेत दात खाता का? माझ्याआधी हिनेच सांगितलं, जागेपणीही. दाढ काढली. तासभर कापूस घट्ट चावून धरा, अवाक्षर बोलू नका.

घरी आलो तर धाकटा दारात. वहिनीला भेटायला. ती औषधं आणायला थांबलेली. स्वयंपाकघरात समोरासमोर बसलो. तोंड उघडलं तर रक्त. मिटलं.

त्याच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. मग तो बोलायला लागला. नकाशात एक भिंत चुकीच्या जागी काढली. त्याच्या साहेबांनी नकाशा सगळ्यांसमोर फाडला. तेव्हापासून पेन्सिल धरली की हात थरथरतो. भिंत किती सेंटिमीटर चुकली, हे विचारायची मला अनावर इच्छा झाली. कापूस चावला. त्या साहेबाचा गळा धरावासा वाटला. कापूस चावला.

मग म्हणाला, सकाळी डोळे उघडतात ना दादा, त्याचंच वाईट वाटतं.

डेंटिस्टच्या सूचनांच्या चिठ्ठीमागे लिहिलं: जीव द्यायचा विचार येतो का? अक्षर वेडंवाकडं आलं. चिठ्ठी सरकवली. त्याने फार वेळ वाचली. म्हणाला, येतो. काही ठरवलेलं नाही. पण येतो. आणि रडला. मी उठून त्याच्या शेजारी जाऊन बसलो. कोणत्या पानावर आहे ते आठवलं नाही.

हिने आल्यावर चिठ्ठी वाचली, डॉक्टरांना फोन लावला. उद्या अकराची वेळ. तोवर त्याला एकटं सोडायचं नाही. तो इथेच झोपलाय.

१८ मार्च, सकाळी १०
सूज उतरली. डॉक्टरांना काय सांगायचं याचे दोन पानं मुद्दे काढले होते. चहाच्या वेळी धाकट्याला वाचून दाखवायला घेतले. दुसऱ्या मुद्द्याला त्याने बोट वर केलं. हिने मुकाट्याने औषधांच्या डब्यातून कापूस काढून माझ्यापुढे ठेवला. धाकटा म्हणाला, दादा, वहिनी नको, तूच चल. पण हा घालून.

जखम बरी आहे, कापसाची वैद्यकीय गरज नाही, आणि ही सूचना अपमानास्पद आहे, हे मी सविस्तर समजावून सांगितलं. दोघांनी पूर्ण ऐकून घेतलं. मध्ये एक शब्द बोलले नाहीत.

१०.२० – निघतोय. जखम डावीकडे, म्हणून कापूस उजव्या बाजूला बसवलाय. बिल्ला घरीच ठेवला.