गरम पाणी आलं

प्रिय ऋचा,

हे पत्र सावकाश वाच. मराठी अक्षरं जुळवायला तुला वेळ लागतो, म्हणून ती जरा मोठी काढतेय. फोनवर तू मला मध्येच तोडतेस. इथे तोडता येणार नाही.

ऑक्टोबरात ग्लासगोला आले होते तेव्हा आंघोळीत साबण अंगावरून निघेचना. मी घाबरून हाक मारली, तर तू दाराबाहेर हसत सुटलीस, “आई, निघालाय तो, इथलं पाणी असंच आहे!” तुझ्या कोपरांवरची खाज गेली होती, केस किती मऊ झाले होते. मी लंडनला, हॅरोच्या घरी परतले आणि पहिल्याच चहावर तो तवंग. केटलमध्ये पांढरे खवले, शॉवरची निम्मी भोकं बुजलेली, काळ्या कपड्यांवर डाग, तुरीची डाळ तासभर उकळूनही दाताखाली येणारी. या क्षारांच्या जड पाण्याशी इतकी वर्षं मी जमवूनच घेतलं होतं.

मग नोव्हेंबरात सगळ्या बिल्डिंगचं गरम पाणी बंद झालं. तळघरातला बॉयलर दर हिवाळ्यात रुसतो, तुला माहीतच आहे. आधी बाबा तक्रारीचे फोन करायचे, बाबा गेल्यावर तू करायला लागलीस. या वेळी मी तुला कळवलंच नाही. मॅनेजरने लिफ्टमध्ये नोटीस लावली की काही मोठी कुटुंबं गरम पाणी फार वापरतात, म्हणून बॉयलर बिघडतो. ‘काही’ म्हणजे कोण, ते आम्हा भारतीयांना बरोबर कळलं. तरी सगळे गप्प. मीही गप्प.

पुढच्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरचे इलियासकाका उकळत्या पाण्याची केटल घेऊन बाथरूमकडे निघाले आणि पाय घसरून पडले. पाऊल चांगलंच भाजलं. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये मी त्यांच्या शेजारी बसले होते. दुखतंय म्हणून ते रडले नाहीत. मुंबई सोडून साठ वर्षं झालेला माणूस माझा हात धरून म्हणाला, “धम्मा, आता झॅकरी मला केअर होममध्ये ठेवणार गं. तिथे मी मराठी कोणाशी बोलू?” काकांचा झॅकरी वाईट मुलगा नाही. तो मँचेस्टरला असतो, काळजीने अर्धा होतो. पण काकांचं घर जाणार होतं आणि ते एका बॉयलरपायी, हे मला सहन होईना.

प्लंबर आला तेव्हा मी तळघरात जाऊन उभी राहिले. त्याने कापून टाकलेला पाइपचा तुकडा मी मागून घेतला. आत पांढरा दगड साचला होता, मधून जेमतेम करंगळी जाईल एवढीच वाट. मी दारोदार फिरले. वरच्या पोलिश बाईंना, समोरच्या गुजराती आजींना, सगळ्यांना तो तुकडा हातात घेऊन बघायला लावला आणि बिल्डिंगच्या मीटिंगला या म्हटलं.

मीटिंगला हॉल भरला. तुला आठवतं ना, भीमजयंतीला भाषण बाबा करायचे आणि मी मागे खिरीच्या पातेल्याशी असायचे. चवदार तळ्याची गोष्ट मी तुला झोपवताना शंभरदा सांगितली असेल. पण चारचौघांत तोंड उघडायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते, त्यात इंग्रजीत! खरं सांगते, उभी राहिले तेव्हा मला तळं आठवलं नाही, काकांचं बँडेज आठवलं. मॅनेजर म्हणाला, “मिसेस वासनिक, थोडक्यात बोला.” मी म्हटलं, “थोडक्यातच बोलते,” आणि पाइप त्याच्यापुढे टेबलावर ठेवला. “हे आमच्या कुटुंबांनी केलेलं नाही. हे लंडनचं पाणी आहे. बाहेरचा इंजिनियर बोलवा, आणि ती नोटीस आजच्या आज काढा. ज्यांना हे मान्य आहे त्यांनी हात वर करा.” माझं व्याकरण चुकलं असेल. हात मात्र सगळे वर गेले, गं. सगळे!

नोटीस त्याच संध्याकाळी निघाली. इंजिनियरने क्षारांनी कोंदलेले पाइप दाखवले आणि आमच्या मोठ्या कुटुंबांचा त्यात काही दोष नाही असं स्पष्ट लिहून दिलं. गेल्या सोमवारपासून तळघरात पाणी मऊ करणारं यंत्र बसलंय. प्यायचं पाणी अजून तेच आहे, डाळीत सोडा टाकावाच लागतो. पण नळाला धो धो गरम पाणी येतं. झॅकरी येऊन सगळं बघून गेला. काका त्यांच्याच घरी राहणार आहेत. आणि ऐक, बिल्डिंगने मला रेसिडेंट्स कमिटीची चेअर केलंय. बिनविरोध!

आता जे सांगायला बसले ते. काकांना तू फोन केला होतास, ते त्यांच्या पोटात राहिलं नाही. ग्लासगोच्या हॉस्पिटलने देऊ केलेली फिजिओथेरपिस्टची नोकरी तू नाकारणार आहेस, आई एकटी आहे म्हणून. मला त्यातलं एक अक्षर बोलली नाहीस. बाबा गेले तेव्हा एकोणीस वर्षांची तू माझ्यासाठी उभी राहिलीस, ते मी जन्मभर विसरणार नाही. पण बाळा, मला आता उभं राहता येतं. एकटी मी आहे, दुबळी नाही. ती नोकरी घे. आजच हो म्हणून कळव, आणि मग मला फोन कर. कमिटीची मीटिंग सात वाजता आहे, त्याआधी कर.

तुझीच,
चेअरबाई आई