कागदात नसलेला गुरुवार

९ जानेवारी, गुरुवार

मंगळवारी अपिलाची सुनावणी. सकाळपासून तीन वेळा गॅस बंद आहे का ते पाहून आले. शिकवणी आता कुठल्याच वारी नाही. माझ्या भावाला, गॅरेटला, पकडलं त्या आठवड्यात अकरांपैकी नऊ मुलांच्या आया म्हणाल्या, "सध्या थोडं थांबतो." उरलेल्या दोघींनी तेवढंही कळवलं नाही. पियानोवर मी हल्ली धुतलेल्या कपड्यांच्या घड्या ठेवते.

वकीलबाईंचा फोन. मिस कोवाल्की जेमतेम तिशीच्या असतील, पण बोलतात अशा की मीच त्यांच्या वर्गात बसले आहे. "हा खटला पुन्हा चालवायचा नाहीये, मिस हाउगेन. साक्षीदार नाहीत, ज्युरी नाही. तीन न्यायाधीश आणि खालच्या कोर्टाचे कागद. जे कागदात नाही ते त्यांच्या लेखी घडलंच नाही."

मग नेहमीची ताकीद. "आणि तुरुंगाच्या फोनवर केसबद्दल अवाक्षर नको. सगळं टेप होतं. सरकारी वकील ते बसून ऐकतात."

कागदात नाही ते घडलंच नाही! हे ऐकून एवढं हलकं का वाटलं, ते इथे लिहीत नाही.

१२ जानेवारी, रविवार

चार वाजता गॅरेटचा फोन. आधी ती यंत्रातली बाई — हा कॉल तुरुंगातून आहे, टेप होत आहे. मग तो.

"गॅरेजवरची माझी खोली तशीच आहे ना?"

"तुझे बूटसुद्धा जिन्यातच आहेत. रोज अडखळते मी त्यांना."

"उचलू नकोस. मीच येऊन उचलीन."

आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता, मी सव्वीस. डबा मी भरला, टायची गाठ मी शिकवली, दाढी करताना पहिल्यांदा कापलं तेव्हा कापूस मीच लावला. आता चव्वेचाळीसचा आहे आणि शिक्षेची अजून सहा वर्षं बाकी आहेत. सहा वर्षांनी मी सदुसष्टची. अपील जिंकायलाच हवं.

१४ जानेवारी, मंगळवार

राजधानीपर्यंत एकशेतीस मैल, रस्त्यावर बर्फ, हात स्टिअरिंगला चिकटलेले. पूर्ण सुनावणी चाळीस मिनिटांत उरकली. माणसाच्या सहा वर्षांना चाळीस मिनिटं!

मिस कोवाल्की छान बोलल्या. 'कायली', वय तेरा, ही मुळात मुलगी नव्हतीच. ती होती शेरिफच्या ऑफिसातला हेड्रिक नावाचा मिशीवाला डेप्युटी. ॲप प्रौढांच्या ओळखी जुळवायचं. हेड्रिकने वय आधी एकोणीस सांगितलं, मग तेरा. तेरा ऐकल्यावर गॅरेटने लिहिलं, 'मग नको. चूक झाली.' आणि चार दिवस गप्प. त्या चार दिवसांत हेड्रिकने सहा वेळा लिहिलं. रागावलास का, कंटाळा आलाय, कोणी बोलायला नाही. सहाव्यानंतर गॅरेटने उत्तर दिलं. पोलिसांनीच त्याला ओढलं का, हा प्रश्न ज्युरीपुढे ठेवायला खालच्या न्यायाधीशांनी नकार दिला. अपील त्यावरच आहे.

मधल्या न्यायाधीशबाई चष्मा काढून म्हणाल्या, "सहा वेळा?" मी बाकाखाली मूठ आवळली. वाटलं, झालं, सुटला.

सरकारी वकील शांतपणे उठले. "सहा वेळा बोलावलं म्हणून कोणी चाळीस मैल गाडी हाकत जात नाही. आणि त्या उत्तरानंतर पुढाकार कोणाचा, ते कागदातच आहे." त्यांनी एक ओळ वाचली.

खालच्या कोर्टात हे संवाद वाचायची वेळ आली की मी बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन बसायची. दोन वर्षं एक ओळही कानावर पडू दिली नव्हती. आज तिसऱ्या रांगेत मधोमध अडकले, उठता येईना.

ओळ अशी होती — 'घरी सांगायचं नाही. हे आपलं चार हातांचं गाणं.'

परत येताना दोनदा गाडी बाजूला घेऊन थांबावं लागलं.

१६ जानेवारी, गुरुवार

लिहून टाकते. कोणी वाचणार नाही.

ती ओळ मी आधी वाचली होती. अकरा वर्षांपूर्वी, गॅरेटच्या अक्षरात, एका चिठ्ठीवर. चिठ्ठी ब्रिटाच्या पियानोच्या पुस्तकात होती. ब्रिटा बारा वर्षांची. गुरुवारची शेवटची शिकवणी तिची. तिची आई चीजच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला असायची, म्हणून गॅरेट तिला घरी सोडायचा. किती गुणी भाऊ, असं मी चर्चमध्ये सांगायचे.

चिठ्ठी दाखवली तेव्हा तो हसला. "काय मार्लिस, मस्करी आहे. एका पियानोवर दोघं मिळून तुझ्या वाढदिवसाला एक गाणं बसवतोय." माझा वाढदिवस ऑगस्टात. तो मार्च होता. तरी मी मान डोलावली, चिठ्ठी फाडून शेगडीत टाकली. नंतर ब्रिटा आलीच नाही.

शिक्षा सुनावायच्या आधी मी न्यायाधीशांना पत्र लिहिलं होतं. 'वीस वर्षं माझ्या घरी मुलं शिकायला येतात. माझ्या भावाविरुद्ध एकही तक्रार आलेली नाही.' त्यातला शब्द न् शब्द खरा आहे.

हेड्रिकने केलं ते चुकीचंच होतं. सहा वेळा! गप्प झालेल्या माणसाला सहा वेळा हाक का मारायची? हे मी दिवसभर स्वतःला ऐकवते आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

निकाल नाही. गॅरेट म्हणाला, "आवाज का असा?" म्हटलं, सर्दी.

७ मार्च, शुक्रवार

चर्चच्या तळघरात लेंटचा, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासांचा, पहिला शुक्रवार; सगळ्यांना माशाचं जेवण. जायचं नव्हतं. अर्डिस दारात गाडीचा भोंगा वाजवत बसली. चौतीस वर्षं आम्ही चर्चच्या कॉयरमध्ये शेजारी उभ्या राहून गातो, तिला नाही म्हणता येत नाही. "घरात बसून निकाल लवकर लागत नाही, मार्लिस. चल, बटाटे तरी खा."

वाढायला ब्रिटा होती. आता तेवीसची आहे, दाताच्या डॉक्टरांकडे काम करते. इतकी वर्षं दिसली की मी दुकानातली रांग बदलते. आज हातात प्लेट, मागे माणसं. सटकायला जागा नव्हती.

मासा वाढता वाढता खाली बघूनच म्हणाली, "तुमचं पत्र वाचलं, मिस हाउगेन. कोर्टाच्या साइटवर आहे. कोणीही वाचू शकतं."

"ब्रिटा, मागे लोक आहेत."

"एकही तक्रार आली नाही म्हणता. मी आले होते की. माझी शिकवणी बंद झाल्याच्या पुढच्या गुरुवारी, चालत. मी दोन शब्द बोलले आणि तुम्ही म्हणालात, मिसेस लिंडग्रेनकडे शीक, त्यांचा हात फार चांगला आहे. दारात उभं ठेवून पत्ता लिहून दिलात." आवाज जराही चढला नाही. मग वर बघितलं. "कोलस्लॉ घालू?"

मी घाल म्हणाले. बसून सगळं संपवलंही. अर्डिस विचारत होती, काय म्हणत होती ती पोरगी? मी म्हटलं, पियानोची आठवण काढत होती.

८ मार्च, शनिवार

वर १६ जानेवारीला 'नंतर ब्रिटा आलीच नाही' असं लिहिलं आहे. ते खोडते. आली होती. लाल टोपी होती डोक्यावर. रडत नव्हती. रडली असती तर मी आत घेतलं असतं, असं मी अकरा वर्षं स्वतःला सांगते आहे. नसतं घेतलं.

३० मार्च, रविवार

आज निकाल विरुद्ध जावा असं वाटलं. मनात आलं आणि लगेच त्याचे बूट पुसायला बसले.

८ एप्रिल, मंगळवार

जिंकलो. दोन विरुद्ध एक. शिक्षा रद्द, खटला पुन्हा.

मिस कोवाल्कींना बोलताना धाप लागत होती. मी धन्यवाद म्हणाले. मग त्या म्हणाल्या, "आता सगळं नव्याने. नवी ज्युरी, नवे साक्षीदार. पोलिसांनी ओढलं हे दाखवणं सोपं आहे, सहा संदेश आहेतच. पण सरकार म्हणणार, तो आधीपासूनच तसा होता. तिथे तुम्ही लागणार. तुमचं ते पत्र, तेच शपथेवर सांगायचं. तुमच्याइतका चांगला साक्षीदार दुसरा नाही आमच्याकडे."

"पत्र आहेच ना कागदात. ते चालणार नाही?"

"पत्राला डोळे नसतात, मिस हाउगेन. ज्युरीला तुमच्याकडे बघायचं असतं."

म्हणजे जिंकलो म्हणून आता विचारणार. हरलो असतो तर कोणी कधीच विचारलं नसतं. बायबलवर हात ठेवून तेच वाक्य म्हणायचं, आणि ब्रिटा मागच्या बाकावर बसलेली असणार. असेलच ती. तिच्या जागी मीही गेले असते.

गॅस तपासला. पुन्हा तपासला.

११ एप्रिल, शुक्रवार

अर्डिसने केक आणला, 'घरी ये गॅरेट' असं वर लिहिलेला. मेणकागदात गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवला आहे. दार उघडलं की समोर तोच.

१३ एप्रिल, रविवार

चार वाजता फोन. टेपवाली बाई आधी बोलली, मी तिचं पूर्ण ऐकलं. गॅरेट हसत होता, बूट पुसलेस का विचारत होता. मी म्हटलं, "ते पत्रातलं वाक्य मला पुन्हा म्हणता येणार नाही, गॅरेट." एवढंच म्हणाले. कोणाचं नाव घेतलं नाही, गुरुवार म्हटलं नाही, चिठ्ठी म्हटलं नाही. फोनवर हे बोलायचं नसतं हे मला चांगलं माहीत होतं.

मग त्याने विचारलं, "का? ब्रिटा काही बोलली का?"

मी फोन ठेवला. आता तिचं नाव त्या टेपवर आहे. उद्या सोमवार, कोणीतरी बसून ऐकेल आणि तिच्या दारावर थाप पडेल. त्यांच्या आधी तिला माझ्याकडून कळायला हवं. पत्ता अर्डिसला विचारून घेतला आहे. चालतच जाते.