रविवारची पाइपधुलाई

२ जुलै, बुधवार
धंतोलीतल्या डायलिसिस सेंटरमध्ये आज रुजू झाले! आठ खुर्च्या, आठ मशीन आणि पाण्याचा प्लांट माझ्या ताब्यात. प्रमुख सिंधूताईंनी बजावलं, की रविवारी पेशंट नसतात, तेव्हा पाइपात औषध फिरवून सगळी लाइन धुवायची. नाहीतर जंतू पाइपाला आतून चिकटतात, स्वतःभोवती चिकट थर करतात आणि मग औषधालाही दाद देत नाहीत. न घासलेल्या माठाला आतून बुळबुळ येते, तसंच. काटोलहून पहिल्या एसटीने डायलिसिसला येणाऱ्या नत्थूजींनी तर पहिल्याच दिवशी मला लेक करून टाकलं.

६ जुलै, रविवार
हुडकेश्वरला मावसबहिणीकडे बारसं. धुलाई म्हणजे पाच तास गेले. पाणी तर काचेसारखं दिसतं, एका रविवारानं काय होतंय? उद्या रजिस्टरात धुलाई झाल्याची सही ठोकून देईन.

२० जुलै, रविवार
तिसरी दांडी. चटक लागली की लागली.

२१ जुलै, सोमवार
मशीनवर तासाभरात नत्थूजींना थंडी भरली. दात वाजत होते, तरी मलाच म्हणाले, "तू काहून रडून राहिली वं, भावना? मले काही होत नाही." मी रडतेय हे मला ठाऊकच नव्हतं. डॉक्टरांनी प्लांटचं रजिस्टर मागवलं. माझ्या सह्या पाहून म्हणाले, पाणी ठीक आहे, दुसरीकडे शोधा.

२३ जुलै, बुधवार
पुन्हा थंडी. नत्थूजी आयसीयूत. रक्तात जंतू. कुठून आले, सगळे शोधतायत. मला माहीत आहे. नोकरी जाईल या भीतीने गप्प बसले. स्वतःची किळस येते.

२७ जुलै, रविवार
गुपचूप आले. दुप्पट औषध, दुप्पट वेळ. मग लाइन धुऊन काढली, औषध उरलं नाही हेही तपासलं. शेवटच्या नळीत बोट घातलं — अजून बुळबुळीत. पाच वेळा हात धुतला. बोट अजून —

२८ जुलै, सोमवार, सकाळी
आठही खुर्च्या भरल्यात. प्लांटरूममध्ये गाळणी उघडली. करडी साय. वरचे जंतू मेले, खालचे सुटले — थरच्या थर — मीच सोडवले —
प्रेमिला सिस्टर हाका मारतेय. पहिल्या खुर्चीला थंडी. तिसऱ्या —
पंप बंद करायचं बटण हाताशी आहे. दाबलं की विचारतील, का दाबलं. मग सगळं सांगावं —
पाचवी पण. उठ ना, भावना —
मी अजून लिहितेच आहे. सहावी —