हाताची घडी

हडपसर, पुणे
१८ जून २०२४

ती. आत्यास,
सविनय जयभीम वि. वि.

फोन तुला ऐकू येत नाही आणि मोबाईलवरची अक्षरं म्हणजे तुला मुंग्या, म्हणून हे पत्र. शिवाय फोनवर मला रडू येतं. कागदावर ते जरा आवरतं.

आयुष दुसरीत गेला, पण गेल्या वर्षापासून वर्गात कमी आणि वर्गाबाहेरच्या बाकावर जास्त असतो. गलका वाढला की कान दाबून किंचाळतो, समोर येईल त्याला ढकलतो. शाळा म्हणते, तज्ज्ञांकडून नीट तपासणी करून आणा. त्याची अडचण कळली तर मदतीला एक बाई देऊ, नाहीतर दिवाळीनंतर दुसरी शाळा बघा. स्वारगेटजवळच्या एका डॉक्टरीणबाईंची वेळ किती महिने मिळत नव्हती, ती आता पुढच्या आठवड्यातली मिळाली आहे.

रविराज अजून चेन्नईलाच. मीपण लहानपणी असाच होतो, म्हणतो आणि फोन ठेवतो. परवा खालच्या मजल्यावर वाढदिवस झाला. केक वर आला, बोलावणं आलं नाही. आयुषनं तोंड लावलं नाही, मीच खाल्ला, आणि चांगला लागला याचाच राग आला.

लोभ आहेच. सध्या तो जरा जास्त लागेल.
तुझी,
कल्याणी

फलटण
२१ जून

चि. सौ. कल्याणीस,
सप्रेम जयभीम व अ. आ.

केक टाकला नाहीस हे बरं केलंस. जावईबापूंना माझा निरोप दे, लहानपणी असे होते म्हणूनच आज चेन्नईत सापडतात, घरात नाही.

आता कामाचं. मी जन्मभर पोरं शिकवली. शाळेत साहेब तपासणीला येणार म्हटलं की आधी वर्ग तयार करायचा असतो. पोराला कोरं पाठवू नकोस. रोज संध्याकाळी सराव घे. आत गेल्यावर जयभीम करायचा, पूर्ण नाव सांगायचं, समोरच्याकडे बघून बोलायचं, आणि मग हाताची घडी. पोरगं हुशार आहे, नक्की जमेल त्याला.

तब्येतीला जप. एकटीनं रडू नकोस, मला लिहून रड.
तुझी आत्या,
हिरा

हडपसर
२ जुलै

ती. आत्यास,
सविनय जयभीम.

जमलं, आत्या. तेच तर वाईट झालं.

पूर्ण वेळ तो हाताची घडी घालून बसला. विचारलेलं सगळं सांगितलं, ठोकळे रचले. नर्सबाई म्हणाल्या, किती शहाणा मुलगा. मला इतकं बरं वाटलं, की डॉक्टरीणबाईंनी घरचं विचारलं तेव्हा मीही सगळं गोड करून सांगितलं. अहवालात आलं, विशेष अडचण आढळली नाही. शाळेनं तो वाचला आणि म्हटलं, मग हा घरच्या शिस्तीचा प्रश्न आहे. मदतीची बाई मिळणार नाही.

रिक्षातही त्याची घडी सुटली नव्हती. घरात आल्यावर त्यानं विचारलं, आता हात सोडू का. सोडले, आणि मग घसा बसेपर्यंत किंचाळला, स्वतःच्या मनगटाला चावला. समोरच्यांनी खिडकी लावून घेतली. त्याला धरून मी फरशीवर बसून राहिले. पुण्यात एवढी माणसं आहेत, पण कुणाचं दार वाजवावं ते मला सुचलं नाही.

कल्याणी

फलटण
६ जुलै

चि. कल्याणीस,
अ. आ.

सल्ला माझा होता आणि तो चुकला. पोराला बरं नाही हे दाखवायला न्यायचं होतं, मी त्याला बक्षीस मिळवायला पाठवलं.

उठ आणि परत जा. डॉक्टरीणबाईंना स्पष्ट सांग, फलटणच्या म्हाताऱ्या मास्तरणीनं पढवून पाठवलं होतं. रागावल्या तर माझा पत्ता दे. या वेळी काही शिकवू नकोस, आणि तूही काही गोड करू नकोस.

डोळ्याचं ऑपरेशन झालंय, डॉक्टर प्रवास नको म्हणतात. नाहीतर आत्ताच आले असते. त्याच्या किंचाळण्याचा मला काय त्रास? कानाचं यंत्र काढून ठेवीन.

आत्या

हडपसर
९ ऑगस्ट

ती. आत्यास,
सविनय जयभीम.

बाई रागावल्या नाहीत, हसल्या. म्हणाल्या, पुण्यात बरीच मुलं अभ्यास करून येतात.

आयुषनं जयभीम मात्र केला, आपणहून. मग बाहेर कुणीतरी हॉर्न दाबून धरला आणि तो टेबलाखाली शिरला, ठोकळे फेकले, खूप ओरडला. बाई खाली फरशीवर जाऊन बसल्या, त्याला न ओढता. नंतर मला विचारलं. मी केकपासून मनगटापर्यंत सगळं सांगितलं, आणि मध्ये न तोडता कुणीतरी ऐकून घेतलं. अजून काही बैठका व्हायच्या आहेत, तोवर काही नाव देणार नाहीत. पण त्याला मदतीची गरज आहे असं शाळेला लिहून दिलंय. मदतीची बाई सोमवारपासून मिळेल.

सुटल्यासारखं वाटत होतं. जिना उतरताना त्यानं माझा पदर धरून विचारलं, आज हाताची घडी घातली नाही, तरी मला घरी नेणार ना.

म्हणजे त्या दिवशी तो त्याच भीतीनं बसला होता, आत्या. शेजारी मी होते आणि मला कौतुक वाटत होतं.

नेणार, म्हटलं. रोज नेणार. बसमध्ये त्यानं पुन्हा विचारलं, घरात आल्यावरही विचारलं. एकटीच्या आवाजावर त्याचा विश्वास बसत नाही.

या पत्राला उत्तर लिहू नकोस. डोळा बरा झाला की ये. निघताना शेजारच्या कुणाला तरी मला फोन करायला सांग. हडपसरला गाडीतळावर उतर, मी त्याला घेऊन उभी असेन.

तुझी,
कल्याणी