परवान्यावरचा दुसरा माणूस

प्रिय धाकट्या,

उघड्यावर कचरा जाळायचा परवाना फुकट मिळतो. या वेळी मला तो केवढ्याला पडला, सांगतो: शेजारच्या मधवाल्यांच्या सात पेट्या, माश्यांसकट, आपल्या कुंपणाचे एकोणीस खांब, आणि माझ्या उजव्या हाताची कातडी. हात बरा होतोय, अक्षरावर जाऊ नकोस. वखार शाबूत आहे.

फांद्या-सालींचा ढीग पेटवायच्या आधी तू मला नियमांचा कागद वाचून दाखवायचास. ढीग कमरेच्या वर नको, भोवतालचं गवत खरवडा, वारा सुटला की विझवा, राख हाताला गार लागेपर्यंत दोन माणसांनी जागा सोडायची नाही. मी म्हणायचो, आगीला कुठे वाचता येतं? ओंडके एकट्याच्या खांद्यावर वाहून ज्याने वखार उभी केली, त्याला दुसरा माणूस कशाला? तू घर सोडलंस त्याला सहा वर्षं झाली. भांडण वेगळ्या कारणावरून झालं म्हणा, पण माझा सूर हाच होता.

तू गेल्यावरही अर्जातल्या 'दुसरा माणूस' या रकान्यात मी दरवर्षी तुझंच नाव घालत आलो. तुझी सहीही मीच ठोकायचो. एखाद्या गड्याचं नाव घालता आलं असतं. घालवेना.

गेल्या आठवड्यात वारा फिरला आणि ठिणगी कुंपणालगतच्या वाळल्या गवतात गेली. परवाने देणाऱ्या बाई चौकशीला आल्या. तुझ्याच वयाच्या असतील. जळकं कुंपण पावलांनी मोजून म्हणाल्या, काका, दुसरे गृहस्थ कुठे होते? मी म्हटलं, जेवायला गेला होता. सकाळी आठ वाजता? म्हणाल्या.

मग जबाबासाठी बोलावलं म्हणून त्यांच्या कचेरीतल्या बाकावर बसलो असताना आतलं बोलणं कानावर आलं. माझे कान तुला ठाऊक आहेत. कारकून म्हणत होता, मुलाने हजर होतो असं लिहून दिलं तर म्हातारा दंडावर सुटेल. नाहीतर खोट्या सहीचं लचांड, आणि वखारीला टाळं. पण तू हो म्हणालास तर निष्काळजीपणा तुझ्याही नावावर लागेल. तुझ्यासारख्या शाळेची बस चालवणाऱ्याच्या नावावर असलं काही लागलं की नोकरी गेलीच समज.

खोटं कशाला बोलू, पत्र लिहायला बसलो ते 'होतो म्हण' एवढं सांगायलाच. मधवाल्यांनीही तेच सुचवलं. पेट्या त्यांच्या गेल्या, तरी. चार कागद फाडले. दमलो रे. काल जाऊन बाईंना लेखी दिलं की तुझ्या नावापुढची सही माझी. तुला बोलावणं येईल, तेव्हा तूही खरं तेच सांग: तू तिथे नव्हतास. मी एकटाच होतो. नळाला पाणी होतं. पाइप माझ्याच्याने ढिगापर्यंत ओढवेना.

तुझाच,
बाबा