दोन घरांतला एनॉक

प्रिय आयडा,

सहा वर्षांनी लिहितोय. पत्ता तुझ्या मावशीकडून घेतला, तिच्यावर रागावू नकोस. माझी शाळा सहावीपर्यंतच, तेव्हा चुका सांभाळून घे.

म्हातारा कुत्रा गेला आणि घर फारच गप्प झालं. म्हणून हिवाळाभर दर मंगळवारी वाचनालयात जात होतो. तिथे जुन्या जनगणनेच्या याद्या फिल्मवर आहेत, यंत्राचं हँडल फिरवून वाचायच्या. तिथल्या होलुबबाई मला सारख्या टोकतात, "अहो टॅकेट, हँडल हळू फिरवा. मेलेले कुठे पळून जात नाहीत."

माझे आजोबा एनॉक १८६८ साली केंटकीतून इथे कॅन्ससमध्ये आले, तेव्हा आसपास गवताशिवाय काही नव्हतं. १८७०च्या यादीत ते सापडले. वय सत्तावीस, बायको मॅहेला, एक तान्हं मूल. मग केंटकीत त्यांची आई थर्झा शोधली, तर तिच्याही घरात एनॉक! वय सत्तावीस, शेतमजूर. साल तेच, महिनाही तोच. माझी झोप उडाली. एनॉक दोन असतील, तर आपण कुणाचे?

होलुबबाई म्हणाल्या, "दोन कुठले! मोजणारा दारात विचारतो, घरात कोण कोण. आतलं माणूस सांगेल ते लिहितो. मुलगा इकडे कॅन्ससला येऊन दोन वर्षं झाली होती, तरी आईनं त्याला घरातच धरला."

"म्हणजे सरकारला खोटं सांगितलं?"

"मग काय, आता पकडून देताय तिला?"

पुढे १८८०ची यादी पाहिली. थर्झा, वय सदुसष्ट. त्या घरात दुसरं नावच नव्हतं. दहा वर्षांत तिनं सांगणं सोडलं होतं.

तुझी आई गेली त्याच महिन्यात तू पोर्टलंडची नोकरी धरलीस. मी फाटकाशी ओरडलो होतो, 'गेलीस तर या घरात तुझं नाव निघणार नाही.' ते मी पाळलंही. मोठा पराक्रम केला.

यंदा पुन्हा मोजणी आहे. मी फॉर्म भरला नाही, म्हणून गुरुवारी एक बाई दारात आली. घरात किती माणसं, म्हणाली. मी दोन सांगितली. तुझं नाव सांगितलं, वय एकेचाळीस. तिनं माझ्या खांद्यावरून आत डोकावून पाहिलं. मी म्हटलं, बाहेर गेलीय, येईल.

पण तुलाही तिकडे मोजलंच असेल. दोन्ही कागद कुणी शेजारी ठेवले तर? शिक्षा होते का गं याला? नाव खोडायचं तर मी जाऊन खोडून येईन. पण मी पंचाहत्तरचा झालो, पुढच्या मोजणीला दार उघडायला असेनसं वाटत नाही. त्याआधी एकदा ये, चारच दिवस ये. म्हणजे मी सांगितलं ते अगदीच खोटं राहणार नाही. तुझ्या खोलीची खिडकी अडकायची ना, ती तासून घेतली आहे.

तुझाच,
डॅडी